एका ओट्याचे दोन मालक

इंदूरच्या बडा सराफ्यात एकेका ओट्याचे दोन मालक असतात. दिवसा तो सराफाचा. त्यावर गिऱ्हाइकांच्या चपला, पाण्याचा माठ, स्टूल टाकून बसलेला राखणदार. रात्री आठ-साडेआठनंतर शटरं एकामागून एक खाली यायला लागतात. सराफ कुलपं दोनदा ओढून बघतो, शटरला हात लावून तो कपाळाला लावतो आणि स्कूटर काढतो. तो गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आत त्याच्या ओट्यावर पाणी मारलेलं असतं, फळ्या मांडलेल्या असतात, आणि जिथे दिवसभर मंगळसूत्राच्या वाट्या तोलल्या गेल्या तिथून चार हातांवर मालपुव्याची कढई चढलेली असते. मध्यरात्र उलटून बराच वेळ झाला की कढई उतरते, फळ्या आवरल्या जातात, ओटा धुतला जातो. सकाळी सराफ येतो तेव्हा त्याला त्याचा ओटा ठेवून गेला तसा मिळतो.

ही गल्ली होळकरांच्या राजवाड्याच्या पाठीमागे, अगदी हाकेच्या अंतरावर आहे. इंदूरला येणारे लोक दिवसा राजवाडा बघतात, रात्री सराफ्यात खातात आणि या दोन गोष्टी वेगवेगळ्या खणात टाकतात. एक इतिहासाचा, दुसरा जिभेचा. मला तसं वाटत नाही. वाडा आणि गल्ली एकमेकांवाचून समजत नाहीत, आणि दोघांत जास्त चिवट कोण निघालं याचं उत्तर सोपं नाही.

माझी आत्या लग्न होऊन इंदूरला गेली आणि रामबागेत तिचं आयुष्य गेलं. आता सत्तरी ओलांडली आहे. मराठी घरातच बोलते, बाकी दिवस हिंदीत जातो, त्यामुळे तिची वाक्यं मजेत इकडून तिकडे जातात. पुण्याहून निघाले तेव्हा फोनवर पहिला प्रश्न होता, "काय करून राहिली आहेस? निघालीस का?" आणि लगेच दुसरं, "गाडीत काही खाऊ नकोस गं. पोट रिकामं घेऊन ये." डिसेंबर होता. माळव्यातली थंडी सकाळी हाडात शिरते आणि दुपारी नाहीशी होते. आत्याचा नेम ठरलेला होता: आधी राजवाडा, मग घरी येऊन झोप, आणि रात्री दहाला सराफा. रात्री दहाला घराबाहेर पडायचं हे माझ्या पुणेरी अंगवळणी पडायला जरा वेळ गेला.

राजवाड्यासमोर उभं राहिलं की आपल्या माणसाला पहिल्यांदा शनिवारवाडा आठवतो. तोही उंच होता, तोही लाकडाचा होता, आणि १८२८ च्या आगीत गेला. आपण आज बघतो तो तट, दिल्ली दरवाजा आणि आतली जोती. वाडा कसा दिसत असेल ते मनानेच उभं करायचं. इंदूरला ते कष्ट पडत नाहीत. सात मजल्यांचा दर्शनी भाग अजून ताठ उभा आहे: खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. खाली प्रचंड दरवाजा, त्यावर लोखंडी खिळे, वर सज्जे आणि झरोके. पेशवाईतला वाडा गल्लीकडे पाठ करून आतल्या चौकाकडे बघतो. हा तसा नाही. हा रस्त्याकडे तोंड करून, छाती काढून उभा आहे. मल्हाररावांनी १७४७ मध्ये त्याचं काम सुरू केलं. नीरेकाठच्या होळ गावचा, धनगराच्या पोटी जन्मलेला पोरगा माळव्याचा सुभेदार झाला आणि त्यानं हे बांधायला घेतलं, हे त्या दरवाज्याखाली उभं राहून मनाशी म्हटलं की मला अजून अंगावर काटा येतो. आत चौक आहे, गणेश दालन आहे, दरबार आहे. आणि मल्हारी मार्तंडाचं देऊळ आहे. जेजुरीचा खंडोबा होळकरांच्या घोड्यावर बसून नर्मदेपार आला आणि इथेच राहिला. आत्या तिथे जाताना हातात पिशवी घट्ट धरून, भराभर चालत जाते. तिच्या सासरचं आणि माहेरचं कुलदैवत एकच. इंदुरात ते देऊळ आहे म्हणून लग्नानंतर पहिल्या वर्षी तिला रडू कमी आलं, असं ती सांगते.

पण मूळ वाडा पूर्ण शिल्लक आहे असं नाही. त्याला तीनदा आग लागली. पहिली १८०१ मधली. त्या वर्षी एप्रिलमध्ये दुसऱ्या बाजीरावानं विठोजी होळकराला पुण्यात, शनिवारवाड्यासमोर, हत्तीच्या पायी दिलं. जुलैत विठोजीचे भाऊ यशवंतराव होळकर यांनी शिंद्यांचं उज्जैन लुटलं. ऑक्टोबरात शिंद्यांच्या फौजेनं सर्जेराव घाटग्याच्या हाताखाली इंदूर गाठलं आणि शहर लुटून जाळलं. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १८०२ मध्ये, यशवंतराव पुण्याच्या दारात होते आणि हडपसरच्या लढाईत शिंदे-पेशव्यांची फौज मोडली. पुण्यात आम्ही ही गोष्ट लहानपणापासून ऐकतो, पण नेहमी आमच्या बाजूनं: होळकरांनी पुण्याची दैना केली. आदल्या वर्षी इंदूर जळलं होतं हे त्या गोष्टीत कुठे येत नाही. राजवाड्याच्या दगडी भिंतीला हात लावून उभं राहिलं तेव्हा ते मला पहिल्यांदा नीट कळलं. मराठ्यांनी मराठ्यांची घरं जाळली आणि दोन्हीकडच्या नातवंडांनी फक्त आपापल्या जळलेल्या घराची आठवण ठेवली.

दुसरी आग १९०८ ची. तिसरी १९८४ ची, आणि ती आत्यानं पाहिली. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर दंगल उसळली, शहरातल्या शीख कुटुंबांवर हल्ले झाले, आणि त्याच दिवसांत राजवाडा पेटला. आत्याच्या गच्चीवरून धूर दिसत होता. ती म्हणते, "सगळे गच्चीवर उभे राहून वाड्याकडे बघत होते. आणि आमच्या गल्लीच्या टोकाला एक सरदारजींचं घर होतं ना, तिकडे बघायची कोणाची हिंमत होत नव्हती." हे सांगून ती गप्प बसते. त्या घरातली माणसं वाचली, पण इंदूर सोडून गेली. इमारतीचं दुःख त्यापुढे लहान आहे, तरी तेही आहेच. वाड्याच्या मागच्या भागातलं लाकूड गेलं. तो भाग अलीकडे, एकविसाव्या शतकात, पुन्हा उभारला गेला. काम चांगलं झालं आहे, पण बोटानं खांब चाचपला की नवं लाकूड हाताला कळतं.

आता गल्ली. ती वाड्याच्या आश्रयानं वसली असं सगळे म्हणतात, आणि अर्धं ते खरंही आहे. पण इंदुरात व्यापारी होळकरांच्या आधीपासून होते. राव नंदलाल मंडलोई या जमीनदारांनी १७१६ मध्ये दिल्लीच्या बादशहाकडून सनद मिळवली आणि इंदुरात होणाऱ्या व्यापारावरचा कर माफ करून घेतला. उज्जैनहून दख्खनकडे जाणाऱ्या वाटेवरचं हे ठाणं तेव्हा बाजार म्हणून नावारूपाला यायला लागलं. होळकर आले, वाडा बांधला, पण राजधानी लगेच इथे आली नाही. अहिल्याबाईंनी राज्य केलं ते महेश्वराहून, नर्मदेच्या घाटावरून. महिदपूरची लढाई हरल्यावर १८१८ च्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला, होळकरांचं स्वतंत्र राज्य संपलं, आणि त्यानंतर इंदूर राजधानी झालं. म्हणजे राजांची ताकद गेली तेव्हा हे शहर खऱ्या अर्थानं मोठं व्हायला लागलं. तलवारीचे दिवस सरले आणि तागडीचे आले. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू इथून मुंबईमार्गे चीनला जात होती, तिच्या भावांवर इथे सट्टे लागत होते, आणि नंतर कापूस आणि गिरण्या आल्या. पैसा इतका होता की दुसऱ्या तुकोजीरावांनी खंडवा ते इंदूर रेल्वे यावी म्हणून इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांच्या मुदतीवर. मांडलिक राजा साम्राज्याला सव्याज कर्ज देतो, हे वाचलं तेव्हा मी पान पुन्हा वाचलं होतं.

या सगळ्या पैशाला पारखणारा, मोडून देणारा, हुंडी लिहिणारा आणि वठवणारा माणूस सराफ. संस्थानागणिक नाणी वेगळी, त्यांचं वजन वेगळं, चांदीचा कस वेगळा. सराफाच्या ओट्यावर थांबल्याशिवाय व्यापाऱ्याचं पाऊल पुढे पडत नसे. आत्याच्या ओळखीच्या एका सराफांच्या पेढीवर आम्ही दुपारी गेलो होतो. त्यांचे पूर्वज राजस्थानातून आलेले, स्वतः हिंदी बोलणारे, पण आत्याशी मोडक्या मराठीत बोलायचा आग्रह धरणारे. "वहिनी, बसा, बसा. चहा सांगतो." गादी पांढरीशुभ्र, तक्क्यांवर क्रोशाची आवरणं, काचेच्या पेटीत इलेक्ट्रॉनिक काटा आणि त्याच्यामागे, कोणी वापरत नसलं तरी जागा न सोडलेला, पितळी तराजू. त्याच्या पारड्यांना धरून असलेल्या रेशमी दोऱ्या काळ्या पडल्या होत्या.

मी पुण्याची, होळकरांबद्दल विचारते आहे, हे कळल्यावर त्यांनी मागच्या कपाटातून एक लहानशी कापडी थैली काढली. तिच्यातून एक रुपया गादीवर ठेवला. बोटभर जाड वाटावा असा, कडा ओबडधोबड, सगळीकडून सारखा गोलही नाही. मल्हारनगरच्या, म्हणजे इंदूरच्या टांकसाळीचा. अक्षरं फारसी, आणि त्यांच्यात मधोमध सूर्याचा चेहरा. दोन डोळे, नाक, ओठ, आणि भोवती बारीक किरणं. छाप जरा सरकून बसला होता, त्यामुळे एका बाजूचे किरण नाण्याबाहेर गेले होते. त्यांनी सांगितलं की महेश्वरच्या नाण्यावर शिवलिंग आणि बेलाचं पान असतं, हा सूर्य मल्हारनगरचा. मग त्यांनी तो रुपया उचलला, अंगठ्याच्या नखावर तोलून दुसऱ्या नाण्यानं हलकेच टिचकी मारली आणि माझ्या कानाजवळ धरला. बारीक, लांबत जाणारा नाद. "असली चांदी ऐसे ही बोलती है," ते म्हणाले. त्यांच्या वडिलांनी त्यांना दहाव्या वर्षी डोळे बांधून खरी-खोटी नाणी आवाजावरून वेगळी करायला शिकवलं होतं. आता मशीन आहे. मुलाला शिकवलं नाही, गरज पडली नाही. यात खंत नव्हती, पण थैलीचं तोंड बांधताना त्यांनी गाठ दोनदा मारली.

त्याच ओट्याबाहेर रात्री काय लागतं ते मी विचारलं. म्हणाले, भुट्ट्याचा कीस. या ओट्यावर बसणाऱ्याचे वडील बसत होते, त्याआधी त्याचे आजोबा. भाडं? सराफांनी हात हलवला. कुठे भाडं ठरलेलं असतं, कुठे नुसता संबंध असतो. कागद मात्र त्यांनी तरी कधी पाहिला नव्हता. धनत्रयोदशीच्या सुमारास सराफांची दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी राहतात, तेव्हा खाऊवाले मागे सरतात, ते दिवस धंदा सोडतात. त्याबद्दल कोणी कोणाला बोलवून सांगत नाही. या व्यवस्थेची सुरुवात कशी झाली याची इंदुरात सांगितली जाणारी गोष्ट अशी: रात्री सोन्याची गल्ली सुनसान पडली की चोरांचं फावतं, म्हणून जुन्या सराफांनी हलवायांना ओट्यांवर बसू दिलं. माणसांची वर्दळ राहिली की कुलूप सुरक्षित. ती खरी असो नसो, मला पटते, कारण तिच्यात दोघांचा फायदा आहे आणि कोणावर उपकार नाहीत.

रात्री दहाला आम्ही परत आलो तेव्हा दुपारची गल्ली ओळखू येत नव्हती. पेढ्यांच्या पाट्या तेवढ्या वर दिसत होत्या, 'ज्वेलर्स', 'आभूषण', 'चांदीवाले', आणि त्यांच्याखाली धूर, तूप, दिवे, माणसंच माणसं. आजोबा, कडेवरची पोरं, कॉलेजातली टोळकी, लग्नातून थेट आलेल्या भरजरी साड्या. रात्री अकराला बायका इतक्या निवांत फिरतात अशा गल्ल्या आपल्या देशात किती असतील? आत्याचा हात माझ्या दंडावर होता, पण तो मला सांभाळायला नव्हता, गर्दीत वाट काढायला होता.

त्या सराफांच्या ओट्यावर खरोखरच भुट्ट्याच्या किसाची कढई होती. मांडी घालून बसलेल्या माणसाच्या उजव्या हाताला सोललेल्या कणसांचा ढीग, डाव्या हाताला पातेल्यात किसलेला मका, दुधाळ, पिवळसर, थोडा गळणारा. कढईत तूप, जिरं-मोहरी, हिंग, हिरव्या मिरचीचे तुकडे. मग कीस पडतो आणि लगेच रंग बदलत नाही, आधी वास बदलतो. कच्च्या मक्याचा हिरवा वास जाऊन भाजल्याचा गोड वास यायला लागला की तो दूध ओततो. त्यानंतर घाई नाही. कढईच्या कडेनं उलथनं फिरत राहतं, खरपूस झालेलं आत, ओलं बाहेर, पुन्हा आत. दूध आटतं, तूप सुटायला लागतं, आणि तेव्हाच तो द्रोण हातात घेतो. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबू आणि जीरावन, हा इंदूरचा स्वतःचा मसाला. पहिला घास गोड लागतो, तिखटपणा घशाशी जाऊन कळतो. थंडीत हातात तो गरम द्रोण धरून उभं राहणं हेच निम्मं सुख. आत्यानं त्याला मालवीत काहीतरी सुनावलं, त्यानं हसत आणखी एक उलथनं भरून वाढलं. "आमच्या ह्यांच्या वेळी याचे वडील असायचे," ती म्हणाली. काकांना जाऊन बरीच वर्षं झाली.

मग गराडू. हा कोनफळाच्या कुळातला कंद, फक्त थंडीत मिळणारा. आधी एकदा तळून ठेवलेले पांढरे तुकडे गिऱ्हाईक आलं की पुन्हा तेलात जातात, बाहेरून कडक आणि आतून पिठूळ होतात, वर मसाला आणि लिंबू. इंदूरची माणसं गराडूची वाट बघतात तशी आपण हापूसची बघतो. त्यानंतर साबूदाण्याची खिचडी, आणि इथे माझी मराठी जीभ जरा अडखळली. परतलेली नाही, वाफवलेली, मोकळी, वरून शेव आणि फराळी मिक्स्चर टाकून द्रोणात दिलेली. उपासाचा पदार्थ रात्री बारा वाजता, उपास नसताना, उभ्यानं खायचा. पण चव घरची होती. दाण्याचं कूट तेच, मिरची तीच. होळकरांबरोबर आलेल्या शेकडो मराठी घरांच्या स्वयंपाकघरांतून हे पदार्थ इथल्या रस्त्यावर कसे उतरले असतील, शेव आणि जीरावन त्यांच्यावर केव्हा येऊन बसलं असेल, याची नोंद कोणी ठेवली नसेल. सकाळचे पोहे तसेच: कढईत राहत नाहीत, उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवून गरम राखतात, त्यात बडीशेप, वर शेव, आणि शेजारी जिलबी. पुण्यात कोणी पोह्यांबरोबर जिलबी दिली तर आम्ही त्याच्याकडे बघत राहू. इंदुरात दिली नाही तर लोक बघत राहतात.

जोशींच्या दहीवड्यांसमोर गर्दीचं कडं असतंच. दहीवड्याचा द्रोण हवेत उडतो, फिरतो, परत हातात येतो आणि दही सांडत नाही. पण मला त्याहून आवडतं ते पुढचं: एकाच चिमटीत निरनिराळे मसाले धरून ते एकेक करून सोडणं. आधी मीठ, मग जिरं, मग लाल तिखट, प्रत्येक वेगळं पडतं. दुपारी सराफांच्या बोटांत रुपया होता, रात्री या बोटांत मसाला. या गल्लीत बोटांना किंमत आहे.

शेवटी शिकंजी. लिंबूपाणी नव्हे. आटवलेलं दूध, त्याला किंचित आंबूसपणा, केशर, वेलची, जायफळ, सुकामेवा. पेला अर्धाच पुरतो, अर्धा आत्याला दिला. तिला साखर आहे. तिनं माझ्याकडे न बघता तो संपवला आणि मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला मुद्दाम ती गल्ली रिकामी बघायची होती. सहा वाजले असतील, अंधार अजून पुरता गेला नव्हता. ओटे धुतलेले, ओले. महापालिकेची गाडी नुकतीच येऊन गेली होती. इंदूर २०१७ पासून वर्षानुवर्षं देशातलं सर्वांत स्वच्छ शहर ठरत आलं आहे, आणि लोक आकडे सांगतात, पण मला ते पटलं ते इथे. काही तासांपूर्वी हजारो द्रोण जिथे टाकले गेले तिथे एक पान नव्हतं. एका पेढीच्या उंबऱ्यापाशी मात्र एक माणूस उकिडवा बसून लहान ब्रशनं फरशीच्या फटी झाडत होता आणि धूळ तसराळ्यात भरत होता. झारेकरी. सोनाराच्या दारातली धूळ गोळा करून, धुऊन, तिच्यातून सोन्याचा कण काढणारे हे लोक. पुण्यात रविवार पेठेत माझ्या आजोबांनी मला असा एक माणूस दाखवला होता. मी विचारलं, रात्रीच्या गर्दीनं धूळ पायाखाली जात नाही का? त्यानं मान न उचलता सांगितलं की फटीत बसलेलं कुठे जात नाही. आणि गर्दी तर उलट बरी, लोकांच्या चपला धूळ घासून फटीत बसवतात. त्याचंही पोट या दोन्ही मालकांवर चालतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

अलीकडे या गल्लीवरून वाद चालू आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. ठेले वाढले. जुन्या पदार्थांच्या जोडीला मोमो आणि नूडल्स आले. अरुंद गल्लीत गॅसच्या सिलिंडरांची संख्या वाढली, आणि सराफांनी तक्रार केली की उद्या भडका उडाला तर बंब आत कुठून येणार? चौपाटी, म्हणजे हा रात्रीचा खाऊबाजार, दुसरीकडे हलवा, अशी मागणी झाली. बाहेरून आलेल्या माणसाला सराफांचा राग येतो, खाणाऱ्यांच्या तोंडचा घास काढतात म्हणून. मला येत नाही. ज्यांच्या शेजारचा वाडा तीनदा जळला त्यांनी आगीची भीती बोलून दाखवली तर ती ऐकली पाहिजे. ही गल्ली दाट आहे, जुन्या घरांना लाकूड आहे, आणि रात्री बाराला तिथे पाऊल टाकायला जागा नसते. सिलिंडर मोजके ठेवा, मधली वाट मोकळी ठेवा, ओट्यापुढे सरकलेले ठेले मागे घ्या, जुन्या पदार्थांना आधी जागा द्या: यातलं काहीही करायला कोणाची हरकत नसावी.

पण हलवणं वेगळं. छप्पन दुकान या इंदूरच्या दुसऱ्या खाऊगल्लीत मी गेले, स्वच्छ, मोकळं, दिव्यांनी सजवलेलं, आणि खाणं उत्तम. तिथे मी पैसे दिले, खाल्लं, निघाले. सराफ्यात एका माणसाच्या दारात दुसरा माणूस तीन पिढ्या चूल मांडतो आणि पहाटे ओटा धुऊन परत करतो. ते नव्या चौपाटीवर घडवता येणार नाही. तिथे प्रत्येकाला आपापला गाळा आणि आपापली पावती मिळेल.

निघायच्या आदल्या रात्री आम्ही पुन्हा गेलो. ते सराफ तिथेच भेटले, स्वतःच्या पेढीच्या ओट्यासमोर, गिऱ्हाइकांच्या रांगेत, द्रोण हातात घेऊन. तक्रारीवर त्यांचीही सही होती, ते त्यांनी दुपारीच सांगितलं होतं. आत्यानं तोंडावर विचारलं, मग इथे काय करताय? ते म्हणाले, "गैस से डर लगता है वहिनी, इन से थोड़ी." मग कढईवाल्याकडे वळून त्याला सांगितलं की पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे लग्न आहे, दोन रात्री पेढी उशिरा बंद होईल. तो म्हणाला, ठीक है सेठजी, साढ़े दस बजे लगा लूँगा. आणि त्यांच्या द्रोणात वरून खोबरं घातलं.